श्वास घेताना नाडी जलद, सोडताना संथ : मुलीच्या ईसीजीवरून पडलेला प्रश्न

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरावीला आहे, ८०० मीटर धावते. विभागीय स्पर्धेआधी तंदुरुस्तीचा दाखला लागतो म्हणून तिचा ईसीजी काढला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीननेच छापलं होतं, 'सायनस अ‍ॅरिदमिया'. तपासणी केंद्रातल्या मुलाने कागद हातात देताना सांगितलं, "ठोके अनियमित आहेत, दाखवून घ्या." शनिवारची संध्याकाळ, आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावात नाहीत. ते दोन दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. तिची आजी रात्रीतून दोनदा उठून तिच्या उशाशी जाऊन बसली.

सोमवारी डॉक्टरांनी कागद पाहिला, स्टेथोस्कोप लावला, तिला सावकाश खोल श्वास घ्यायला लावला आणि मला म्हणाले, "तुम्ही तिच्या मनगटावर बोटं ठेवा." ठेवली. श्वास आत जाऊ लागला तसे ठोके जवळजवळ आले, पाठीला पाठ लावून. सोडू लागली तशी त्यांच्यातली अंतरं वाढत गेली. अगदी शेवटी तर एक ठोका इतका रेंगाळून आला की मी घाबरून वर पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "असंच असायला हवं. धावणाऱ्या पोरीचं हृदय आहे हे." दाखल्यावर सही केली.

काळजी गेली, पण प्रश्न राहिला. श्वास फुप्फुसांचा, ठोका हृदयाचा. मग एकाची खबर दुसऱ्याला लागते कशी? सगळ्यांचं असंच होतं का? मी स्वतःचं पाहिलं तर फारच पुसट जाणवलं. आणि हे चांगलं असेल तर त्याला 'अनियमित' का म्हणतात? इथे वैद्यकातली, योगातली, गाण्यातली माणसं आहेत म्हणून विचारते.

सांजवात, मिरज

गोदाकाठ ताई, तुमच्या डॉक्टरांनी तुमची बोटं मनगटावर ठेवायला लावली हे वाचून फार बरं वाटलं. मी एकतीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना हीच गोष्ट मी याच पद्धतीने दाखवत असे. शेजारच्याची नाडी धरा, डोळे मिटा, त्याला श्वास घेऊ द्या. वर्गात एकदम शांतता पसरायची.

आधी नावाबद्दल. 'अ‍ॅरिदमिया' हा शब्द ऐकला की आजार डोळ्यांपुढे येतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नाही. 'सायनस' म्हणजे ठोका जिथून निघायला हवा तिथूनच निघतोय. हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक बारीक पुंजका असतो, सायनस गाठ. हृदयाचा ताल तिथे जन्मतो. ही गाठ एकटी सोडली तर मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. मग बसल्या जागी आपली नाडी ७० का असते? कारण तिच्यावर सतत एक ब्रेक लावलेला असतो. तो ब्रेक म्हणजे व्हेगस नावाची चेता, मेंदूतून निघणारी दहावी जोडी. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. मानेतून छातीत आणि छातीतून पोटापर्यंत ती भटकते, म्हणून हे नाव.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. श्वासाचा ताल ठरवणाऱ्या पेशी आणि हा ब्रेक लावणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात एकमेकींच्या शेजारणी आहेत. श्वास आत घेण्याचा हुकूम सुटतो त्याच वेळी ब्रेकवाल्या पेशींना दाबलं जातं. ब्रेक सैल पडतो, नाडी धावते. श्वास सोडताना त्या पुन्हा मोकळ्या होतात, ब्रेक लागतो, नाडी संथ होते. शिवाय फुप्फुसं फुगली की त्यांच्या भिंतींतल्या ताण ओळखणाऱ्या चेता वेगळी खबर पाठवतात. ती वाट ब्रॉयर आणि हेरिंग या दोघांनी १८६८ मध्ये दाखवली. म्हणजे फुप्फुस आणि हृदय यांच्यात निरोप्या आहे, एक नाही, दोन-तीन आहेत.

ब्रेक इतक्या चटकन लागतो आणि सुटतो कसा, हाही मोठा गोड भाग आहे. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली. त्या हृदयाभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही संथ झालं. चेता आपलं काम रसायनाकरवी करते हे त्यातून कळलं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. ते गाठीवर पडतं आणि क्षणात नष्टही होतं. म्हणून एका श्वासाच्या आत नाडी वर जाऊन खाली येऊ शकते. नाडी वाढवणारी दुसरी यंत्रणा, म्हणजे भीतीच्या वेळी छाती धडधडवणारी, यायला आणि जायला काही सेकंद घेते. श्वासाबरोबर नाचणं तिला जमत नाही.

तुमच्या लेकीत हे इतकं ठळक दिसलं कारण ती लहान आहे आणि धावते. अशा मुलांची व्हेगस तगडी असते. वय वाढतं तसा फरक कमी होत जातो, म्हणून तुम्हाला स्वतःचा पुसट लागला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मात्र एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहून ठेवते. अनियमितता श्वासाबरोबर चढत-उतरत असेल आणि श्वास क्षणभर थांबवल्यावर नाहीशी होत असेल तर ती ही. ठोके श्वासाशी काहीही नातं नसल्यासारखे कसेही पडत असतील, किंवा सोबत चक्कर, भोवळ, छातीत दुखणं, धाप असेल, तर बोटांवर भरवसा ठेवू नका. डॉक्टरांकडे जा.

आकडेमोड, पुणे

सांजवात ताई, वाचून लगेच छातीचा पट्टा बांधला. सायकलिंगसाठी घेतलेला आहे, प्रत्येक ठोक्यातलं अंतर नोंदवतो. वय ३८. नेहमीच्या श्वासाला, म्हणजे मिनिटाला साधारण १५, माझी नाडी ६४ ते ६९ मध्ये हलत होती. मग घड्याळ लावून पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास केले. तीन मिनिटांत आलेख सुंदर लाटेसारखा झाला, ५७ ते ७६! हृदय तेच, खुर्ची तीच. फक्त श्वास हळू केल्यावर फरक चौपट का व्हावा? आणि सहालाच काय विशेष आहे? चार केले तर पुन्हा थोडा कमी झाला.

दुसरा प्रश्न. हे सगळं नाडीच्या वेगाबद्दल झालं. रक्त वाहण्यावर श्वासाचा थेट काही परिणाम होतो की नाही?

सांजवात, मिरज

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

हृदय रक्त ढकलतं हे आपण शाळेत शिकलो. पण पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेलं रक्त परत वर कसं येतं? केशवाहिन्यांतून पलीकडे जाईपर्यंत हृदयाचा जोर बहुतेक संपलेला असतो. नीलांतला दाब फार थोडा असतो, आणि शरीरातल्या एकूण रक्तापैकी साठ-सत्तर टक्के रक्त कुठल्याही क्षणी नीलांतच असतं. त्याला वर आणायला तिघं मदत करतात. नीलांतल्या झडपा, पोटऱ्यांचे स्नायू आणि श्वास.

श्वास घेताना श्वासपटल खाली उतरतं. छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब वातावरणापेक्षा आणखी कमी होतो. शांत बसलेलं असताना छातीतल्या आवरणातला दाब पाण्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर उणे असतो, श्वास घेतल्यावर तो ८ पर्यंत उणे होतो. तेच श्वासपटल खाली पोटावर दाब देतं. खालून दाब, वरून ओढ. पोटातल्या महानीलेतलं रक्त छातीत खेचलं जातं आणि उजव्या हृदयात जास्त रक्त येतं.

पुढे जे होतं ते पुष्कळांना उलटं वाटतं. उजवी बाजू भरली म्हणजे डावीही भरली पाहिजे ना? लगेच नाही. मधे फुप्फुसं आहेत. फुगलेल्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या ते जास्तीचं रक्त आपल्यात सामावून घेतात. त्यामुळे नेमक्या त्या क्षणी डाव्या हृदयाला थोडं कमी रक्त मिळतं, एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त किंचित घटतं, आणि श्वास घेताना वरचा रक्तदाब थोडा उतरतो. निरोगी माणसात १० मिलिमीटरपेक्षा कमी. नाडी त्याच वेळी जलद होते, म्हणून घटीची बरीच भरपाई होते. सोडताना फुप्फुसांत अडकलेलं रक्त डावीकडे येतं, दाब चढतो.

हे कानांनी ऐकूही येतं. स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या कडेला, दुसऱ्या-तिसऱ्या फासळीच्या मधे ठेवून एखाद्या तरुण मुलाला श्वास घ्यायला लावा. 'लब्-डब' मधला 'डब' चिरतो, 'लब्-ड्डब' होतो. उजव्या निलयात रक्त जास्त असतं, ते रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिकडची झडप जरा उशिरा मिटते. श्वास सोडला की पुन्हा एकच 'डब'. पहिल्यांदा ज्या दिवशी मला हे ऐकू आलं तो दिवस अजून आठवतो. आमच्या सरांनी कान पकडून नाही, अक्षरशः डोकं धरून बसवलं होतं, "ऐकू येईपर्यंत उठायचं नाही" म्हणून.

आता सहा श्वासांचं. मानेतल्या आणि महारोहिणीतल्या दाब मोजणाऱ्या चेता रक्तदाब चढला की व्हेगसकरवी नाडी खाली आणतात, उतरला की वर नेतात. या फेऱ्याला थोडा वेळ लागतो, एक पूर्ण आवर्तन सुमारे दहा सेकंदांचं. श्वासही दहा सेकंदांचा केला की श्वासाची लाट आणि दाबाची लाट एकमेकींवर चढतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारला की झोका उंच जातो, तसं. चार श्वासांना ती वेळ चुकते, पंधरांना तर जुळण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येकाचा नेमका आकडा थोडा वेगळा निघतो, साडेचार ते साडेसहाच्या आसपास.

रुग्णसेविका, मेलबर्न

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, मूळची सांगलीची. सांजवात ताईंनी जे लिहिलं त्याचं उलटं चित्र मी रोज पाहते, म्हणून लिहावंसं वाटलं.

आपण श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो. व्हेंटिलेटरवर माणूस असतो तेव्हा यंत्र हवा आत ढकलतं. म्हणजे श्वास आत जातानाच छातीतला दाब वाढतो! रक्त परत येण्याची जी ओढ असते ती जाते, उलट अडसर येतो. ज्याच्या अंगात पाणी कमी आहे अशा रुग्णाच्या घशात नळी घालून यंत्र जोडलं की रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. भुलीच्या औषधांचाही त्यात वाटा असतो. त्यासाठी आम्ही सलाइन आणि दाब वाढवणारं औषध हाताशी ठेवूनच उभ्या असतो.

मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घातलेली असते, तिचा आलेख पडद्यावर चालू असतो. यंत्राच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्या शिखरांची उंची वर-खाली होते. रुग्ण शांत झोपवलेला असेल आणि ती फार हलत असतील तर बहुधा शरीराला द्रव हवाय, दिलं तर हृदय जास्त रक्त फेकेल, असा अंदाज डॉक्टर बांधतात. रात्रीच्या पाळीला त्या हिरव्या-तांबड्या रेघा बघत बसलं की वाटतं, श्वास आणि रक्त ही दोन कामं वेगळी नाहीतच.

आणि त्या १० मिलिमीटरचं ताईंनी जाता जाता सांगितलं, ते महत्त्वाचं आहे. श्वास घेताना दाब १० पेक्षा जास्त उतरू लागला तर ती धोक्याची खूण असते. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरून हृदय आवळलं गेलं की असं होतं, दम्याच्या जोराच्या झटक्यातही होतं. जर्मन डॉक्टर कुसमॉल यांनी १८७३ मध्ये याचं वर्णन केलं.

खर्ज, धारवाड

मी गायिका, विज्ञानातलं फार कळत नाही. पण हा धागा वाचून काल पहाटे खर्जाच्या रियाजाला बसले तेव्हा डाव्या मनगटावर बोटं ठेवली. तानपुरा मोबाइलवर. खालचा सा लावला की तो साधारण अठरा-वीस सेकंद टिकतो, मग दोन सेकंदांत श्वास. सा सुरू असताना नाडी हळूहळू संथ होत गेली आणि त्या छोट्या श्वासात तीन-चार ठोके भरभर पडले. प्रत्येक वेळी. इतकी वर्षं गातेय, कधी बोट ठेवून पाहिलं नव्हतं! आमच्या गुरुजींचं म्हणणं असायचं, श्वास चोरून घ्यायचा आणि उदारपणे खर्च करायचा. रियाजानंतर जे निवांत वाटतं ते यामुळेच का?

सांजवात, मिरज

ताई, त्यात नक्कीच वाटा आहे. सोडण्याचा काळ लांबला की व्हेगस जास्त वेळ कामावर राहते. मात्र तुमचा निवांतपणा सगळाच्या सगळा मी व्हेगसच्या नावावर मांडणार नाही, सुराला त्याचं श्रेय द्यायला हवं.

तुमच्या अनुभवाशी जुळणारा एक प्रयोग आहे. इटलीतल्या पाविया इथल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली माळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्रही. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. दोन धर्म, दोन भाषा, पण दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि दाब सांभाळणारी ती यंत्रणा जास्त तल्लख झाली. श्वास मोजा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ओळीची लांबीच तशी. आपल्याकडे हरिपाठ, रामरक्षा, अथर्वशीर्ष एका लयीत म्हणताना काय होतं ते कुणीतरी पट्टा बांधून पाहावं असं मला फार वाटतं. आकडेमोड, मनावर घ्या.

लोणावळ्याचा पाऊस

या विषयावर लोणावळ्याचं नाव निघालंच पाहिजे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. हातात क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक घेऊन योगक्रिया तपासणारी ती जगातली पहिल्या काही जागांपैकी एक. नौली करताना, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळताना, मोठ्या आतड्यातला दाब वातावरणापेक्षा खाली जातो हे त्यांनी मोजून दाखवलं. बस्तीत, म्हणजे गुदद्वारावाटे पाणी आत ओढण्याच्या क्रियेत, पाणी वर कसं चढतं याचा उलगडा त्यातून झाला. त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. पोटातला आणि छातीतला दाब हीच तर या धाग्याची किल्ली आहे.

मला विचारायचंय ते 'हृदय थांबवणाऱ्या' योग्यांबद्दल. लहानपणी ऐकलं होतं, नाडी लागतच नाही म्हणे.

सांजवात, मिरज

खरंच लागत नाही, पण हृदय थांबलेलं नसतं. अमेरिकेतले वेंगर आणि बागची आणि दिल्लीच्या एम्समधले आनंद यांनी अशा योग्यांना ईसीजी जोडून पाहिलं, १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात ते आलं. मनगटाची नाडी गेली, स्टेथोस्कोपला आवाजही पुसट झाले, पण ईसीजीवर ठोके चालूच होते. ते योगी श्वास कोंडून, छाती-पोटाचे स्नायू आवळून छातीतला दाब इतका वाढवत की परत येणारं रक्तच अडे. हृदय जवळजवळ रिकामं आकुंचन पावत राही. त्या माणसांचा स्नायूंवरचा ताबा विलक्षण होता, यात मला शंका नाही.

हीच गोष्ट आपण नकळत करतो. सकाळी कुंथताना. जड पोतं उचलताना. तोंड मिटून जोर केला की आधी क्षणभर रक्तदाब चढतो, मग रक्त अडल्यामुळे उतरतो आणि नाडी धावते. जोर सोडला की दाब आणखी एक ठेच खातो, आणि मग तुंबलेलं रक्त एकदम आत शिरून दाब नेहमीपेक्षा वर उसळतो, नाडी संथ पडते. पंधरा-वीस सेकंदांत इतकी उलथापालथ. तरुण माणसाला काही वाटत नाही. वय झालेल्याला, हृदयविकार असलेल्याला भोवळ येऊ शकते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नका हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

रुग्णसेविका, मेलबर्न

त्याच कुंथण्याचा औषधासारखा वापरही होतो! हृदयाचे ठोके अचानक १८०-२०० वर जाऊन अडकतात, असा एक प्रकार असतो. त्यात रुग्णाला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये फुंकायला लावतात, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, १५ सेकंद. लगेच पाठीवर आडवं करून पाय ४५ अंशांत वर धरायचे. शेवटी नाडी संथ पाडणारी जी उसळी ताईंनी सांगितली, ती अशाने मोठी होते. इंग्लंडमधल्या २०१५ च्या अभ्यासात नुसतं बसून फुंकल्यावर १७ टक्के रुग्णांचा ताल जागेवर आला, पाय वर धरल्यावर ४३ टक्क्यांचा. मी स्वतः एका आजोबांचे पाय धरून उभी होते, १८८ वरून पडद्यावरचा आकडा डोळ्यांदेखत ८२ वर आला. हे रुग्णालयातच करायचं, घरी नाही.

आबा, कराड

नमस्कार. वय ७१, साखर अठरा वर्षांपासून. नातवाला मनगट धरायला लावलं आणि सांगितल्याप्रमाणे पाच आत, पाच बाहेर केलं. तो म्हणतो, आबा, घड्याळासारखे एकसारखे पडतात. मला वाटलं एकसारखं म्हणजे उत्तम. पण हा धागा वाचून उलटं वाटू लागलंय. अलीकडे पहाटे उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तेही याच्यातच मोडतं का? आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. प्राणायाम वाढवला तर ती बंद करता येईल का?

सांजवात, मिरज

आबा, गोळी बंद करू नका. संथ श्वासाने रक्तदाब थोडा उतरतो, पण तो गोळीला जोड आहे, पर्याय नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वयाने फरक कमी होतोच, रक्तदाबाच्या काही गोळ्याही तो बदलतात, तेव्हा नातवाच्या बोटांवरून निष्कर्ष काढू नका. पण दीर्घकाळच्या मधुमेहात या चेतांनाही इजा होते, आणि व्हेगस लांबलचक असल्यामुळे तिला ती लवकर होते. त्याची चाचणी अगदी हीच आहे. मिनिटाला सहा श्वास घ्यायचे, ईसीजी चालू ठेवायचा, श्वास घेतानाची सर्वांत जलद आणि सोडतानाची सर्वांत संथ नाडी यांतला फरक काढायचा. १५ किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर चेतांना इजा झाल्याची शंका. तुमच्या वयाला तो आकडा डॉक्टर सैल हाताने घेतील. उभं राहिल्यावरची अंधारी मात्र याच कुटुंबातली आहे. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यायला सांगा. तोवर उठताना आधी काठावर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. या आठवड्यातच जा, आबा.

मांडवीकाठ, पणजी

आमच्याकडे खडकांवरची शिनाणे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, काढायला बुडी मारणारे लोक आहेत, मीही हौसेने बुडी मारतो. एक दादा पाण्यात शिरायच्या आधी भराभर वीस-तीस मोठे श्वास घ्यायला सांगायचा, "जास्त प्राणवायू भरून घे" म्हणून. तसं केलं की बोटांना मुंग्या यायच्या, डोकं हलकं व्हायचं. हे बरोबर आहे का?

सांजवात, मिरज

मुळीच नाही, आणि हे कृपया तुमच्या सगळ्या मित्रांना सांगा. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातही प्राणवायूने ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलंच असतं, भराभर श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याच्या कमतरतेने मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. डोकं हलकं होतं ते त्यामुळे. मुंग्या येतात त्याही कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळेच. घात पुढे आहे. 'आता श्वास घे' ही तगमग कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. तो आधीच काढून टाकला तर तगमग उशिरा होते, आणि ती होण्याआधीच प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. एकट्याने बुडी मारू नका.

पाण्याचं एक सुंदर अंगही आहे. श्वास रोखून गार पाणी चेहऱ्याला लागलं की नाडी आपोआप संथ होते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त मेंदू-हृदयासाठी राखलं जातं. सील या सस्तन प्राण्यांत हे प्रचंड असतं, आपल्यात थोडं शिल्लक आहे.

आबा, कराड

चाचणी झाली. फरक ६ आला. आडवं असताना वरचा दाब १४२, उभं राहिल्यावर ११६. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी बदलली, डोळे-पाय-मूत्रपिंड सगळं तपासायला लावलं. अठरा वर्षांत माझा उभ्याने दाब कुणी घेतला नव्हता. सांजवात ताई, तुमचे उपकार. काठावर बसून उठतोय.

गोदाकाठ, नाशिक

आबा, तब्येतीला जपा. खुशाली कळवत राहा.

मुलगी विभागीय स्पर्धेत तिसरी आली. आता तिने जीवशास्त्राच्या प्रकल्पाला हाच विषय घेतलाय. वर्गातल्या तीस मुलामुलींची नाडी मोजायची म्हणते, यंत्र नाही, फक्त घड्याळ आणि बोटं. सांजवात ताई, कसं करावं?

सांजवात, मिरज

लेकीचं अभिनंदन! तिला सांगा, तिघांचा गट करायचा. एक जण मनगट धरेल आणि प्रत्येक ठोक्याला पेन्सिलने बाकावर टक् करेल. दुसरा डोळे मिटून पाच सेकंद आत, पाच बाहेर असा श्वास घेईल. तिसरा मोबाइलवर ती टकटक ध्वनिमुद्रित करेल आणि श्वास बदलताना हळूच 'आत', 'बाहेर' म्हणेल. नंतर मुद्रण ऐकून प्रत्येक पाच सेकंदांतले ठोके मोजायचे. टक् करणाऱ्याने श्वास घेणाऱ्याच्या छातीकडे पाहू नये आणि कानात कापूस घालावा, नाहीतर जे ऐकायचं आहे तेच बोटं ऐकवतील. सुरुवातीची दोन मिनिटं सोडून द्या, लय बसायला तेवढा वेळ लागतो. खेळणारी मुलं आणि न खेळणारी मुलं यांचे आकडे वेगळे लिहा. चक्कर आली तर लगेच थांबायचं. तीस जणांचे आकडे आले की इथे टाका, मी बसून पाहीन.